कागदावरचा फॉरवर्ड

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दर वर्षी कोणी ना कोणी आपल्या नोकरीबद्दल लिहितं. आतापर्यंत बँकवाले झाले, सॉफ्टवेअरवाले तीनदा झाले, एक दंतवैद्यही झाल्या. यंदा संपादिकाबाईंचा फोन आला, "बोरकर, तुम्ही लिहा. तुमचं काहीतरी वेगळं आहे ना?"

हे 'काहीतरी वेगळं' म्हणजे मी सिंगापूरच्या शाळांमध्ये फुटबॉल शिकवतो. गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हे कोणाला सांगितलं की समोरचा माणूस कौतुकानं मान हलवतो आणि विचारतो, "छान. आणि नोकरी कुठे?" ही माझी नोकरीच आहे, हे पटवायला मला दर वर्षी दोन मोदकांइतका वेळ लागतो. आता लिहायचंच आहे तर सगळं लिहितो. त्यात माझी शोभा फारशी नाही, पण संपादिकाबाईंनी शब्दमर्यादा सांगितली आहे, शोभेची अट घातलेली नाही.

माझ्या फुटबॉलची सुरुवात नागपूरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात झाली. मी तिसऱ्या वर्षाला असेपर्यंत कॉलेजला फुटबॉलची टीमच नव्हती. मग विद्यापीठाकडून पत्र आलं की प्रत्येक कॉलेजनं टीम पाठवावी. प्रिन्सिपलसाहेबांनी ते पत्र पी.टी.च्या सरांकडे सरकवलं आणि सर जेवणाच्या वेळी हॉस्टेलच्या मेसमध्ये येऊन उभे राहिले. त्यांनी अकरा मुलं निवडली. मी त्या वेळी टेबलाच्या पलीकडचं वरणाचं भांडं ओढायला हात लांब केला होता. सर म्हणाले, "तू गोलकीपर."

आमची पहिली आणि शेवटची मॅच कामठीच्या कॉलेजाशी होती. कामठीची मुलं चालायला लागल्यापासून फुटबॉल खेळतात. आम्ही चार दिवसांपासून खेळत होतो. नऊ विरुद्ध शून्य असा निकाल लागला. नऊ त्यांचे. त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं एकट्यानं पाच मारले. दुसऱ्या दिवशी मेसमध्ये माझ्या ताटात कोणीतरी मोजून नऊ पोळ्या वाढल्या. पुढच्या वर्षी कॉलेजनं टीम पाठवली नाही. मला मात्र एक छापील प्रमाणपत्र मिळालं, की मी आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल स्पर्धेत महाविद्यालयाचं प्रतिनिधित्व केलं. किती गोल खाल्ले यासाठी त्यावर रकाना नव्हता.

मी नंतर पुन्हा कधी गोलात उभा राहिलो नाही. पण फुटबॉल सुटला नाही. नोकरी लागली तिथल्या कारखान्याच्या टीममध्ये खेळलो, नव्वदीच्या अखेरीस सिंगापूरला आलो तेव्हा जुरोंग आयलंडवरच्या प्लांटच्या टीममध्ये खेळलो. खेळलो म्हणजे मधल्या फळीत धावलो. मला खेळता येत नसे, पण दुसऱ्याचं काय चुकतंय ते दिसायचं. कोण उगाच धावतो, कोण पास द्यायच्या आधी खाली बघतो, कोण चेंडू नसताना झोपतो, हे मला बाकावरून स्पष्ट दिसे. हळूहळू आमच्या टीमला मी शिकवायला लागलो, आणि आश्चर्य म्हणजे आम्ही जिंकायला लागलो. सकाळी कंपनीच्या बसमध्ये लोक माझ्याशेजारी बसून आदल्या दिवशीच्या मॅचबद्दल बोलायचे. प्लांटमधल्या माझ्या मूळ कामाबद्दल कोणी कधी बोलल्याचं आठवत नाही, आणि बहुधा कंपनीच्याही ते लक्षात आलं असावं. एके दिवशी आमचा अख्खा विभाग बंद झाला.

तोवर आम्हाला पी.आर., म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळाला होता, त्यामुळे देश सोडायची वेळ आली नाही. सुनंदा, माझी बायको, एका चाइल्डकेअरमध्ये शिकवत होती. मी घरी बसून अर्ज लिहीत होतो. तिसऱ्या महिन्यात ती म्हणाली, "तुम्ही रोज इंजिनिअरचे अर्ज करता आणि रोज टीव्हीवर मॅच बघून त्या लोकांना ओरडता. त्यातलं दुसरं काम तुम्हाला जास्त जमतं." तिनंच कुठून तरी कोचिंगच्या कोर्सचं पत्रक आणलं. मी कोर्स केला, परीक्षा पास झालो, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्रही घेतलं. सार्सची साथ ओसरली, शाळा पुन्हा सुरू झाल्या, मुलांच्या दप्तरात थर्मामीटर असायचे ते दिवस. उत्तरेकडच्या एका सरकारी शाळेला मुलींच्या टीमसाठी कोच हवा होता.

अर्जाच्या फॉर्मवर एक चौकोन होता: खेळण्याचा अनुभव आणि जागा. अनुभवापुढे मी विद्यापीठ स्पर्धा असं लिहिलं. ते खरं होतं. जागेपाशी पेन थांबलं. गोलकीपर लिहिलं असतं तर कोणी पुढे विचारलं असतं, किती गोल वाचवले? मी लिहिलं, फॉरवर्ड. शाळेच्या वार्षिक अंकात ते छापून आलं तेव्हा मी भारतातला विद्यापीठ पातळीवरचा माजी स्ट्रायकर झालो होतो. अंक मी सुनंदाला दाखवला नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कोच म्हणजे शिट्टी. प्रत्यक्षात शाळेच्या कोचचा निम्मा वेळ बुटांच्या नाड्यांत जातो. उरलेल्यातला निम्मा आभाळाकडे बघण्यात. सिंगापुरात वीज फार पडते, म्हणून मैदानाला सायरन असतो. सायरन वाजला की वर ऊन असलं तरी सगळ्यांनी छपराखाली जायचं. सराव कॅन्टीनमध्ये, टेबलावर सॉसच्या बाटल्या खेळाडू म्हणून मांडून. माझ्या काही मुली ऑफसाइडचा नियम बाटल्यांवर शिकल्या आणि मैदानावर त्या शेवटपर्यंत बाटल्यांसारख्याच उभ्या राहिल्या.

मग पालक. इथे शाळेकडून खेळलं की प्रमाणपत्र मिळतं, आणि त्याचे गुण पुढच्या कॉलेज प्रवेशाला धरतात. त्यामुळे मुलगी खेळते की नाही यापेक्षा तिचं नाव कागदावर आहे की नाही याची काळजी जास्त. एक आई छत्री घेऊन मैदानाच्या कडेनं मुलीच्या बरोबरीनं चालायची, ऊन लागू नये म्हणून. मुलगी विंगर होती, म्हणजे कडेनं खेळणारी. आईची सावली मिळावी म्हणून ती रेषा सोडायचीच नाही, आणि त्यामुळे ती आमची सगळ्यात शिस्तीची विंगर ठरली. एक वडील स्टॉपवॉच घेऊन बसत आणि सोमवारी मला ईमेलनं तक्ता पाठवत, की आपली मुलगी किती मिनिटं मैदानात होती. चेंडूला तिचा पाय किती वेळा लागला हा रकाना त्या तक्त्यात नव्हता. या लोकांना मी मनात हसत असे. कागदावर काहीतरी लिहून घेण्यात माझा स्वतःचा हात किती होता हे मला त्या वेळी सुचत नसे.

टीम वाईट नव्हती. प्रश्न एकच होता, गोलकीपर. हुई मिन नावाची मुलगी गोलात होती. अतिशय गुणी, पियानो वाजवणारी, आणि चेंडू आला की डोळे मिटणारी. ती गोलकीपर का, तर निवडीच्या दिवशी ती उशिरा आली आणि ग्लव्हज तेवढे उरले होते. जगातले बरेच गोलकीपर असेच झालेले असतात.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मैत्री मेश्राम टीममध्ये आली. चौदा वर्षांची, उंच, हातपाय लांब. वडील सेम्बावांगच्या शिपयार्डमध्ये इंजिनिअर. घरी मराठी बोलणारी आणि मैदानावर पक्की सिंगापुरी. पहिल्याच दिवशी मी मराठीत नाव विचारलं तर म्हणाली, "मैत्री. बट इंग्लिशमध्ये बोला ना कोच, नाहीतर या सगळ्या लाफ करतात." तिच्याबद्दल माझ्या लक्षात आलेली पहिली गोष्ट म्हणजे सायरन वाजल्यावर कॅन्टीनमध्ये मुली एकमेकींकडे जे काही फेकत, पाण्याच्या बाटल्या, बूट, टॉवेल, ते सगळं ती एका हातानं झेलायची. न बघता. मी ते पाहिलं, आणि मनात नोंदही केली.

पहिल्या शनिवारी तिचे वडील मैदानावर आले. सावळे, धिप्पाड, केस पांढरे व्हायला लागलेले. सराव संपल्यावर हात पुढे करून म्हणाले, "नमस्कार सर, मी सुधाकर मेश्राम. तुम्ही मराठी आहात हे ऐकून बरं वाटलं. कुठचे तुम्ही?"

त्यांच्या बोलण्याचा सूर मला थेट नागपूरकडचा वाटला. मी विचारलं, "तुम्ही?"

"मी कामठीचा. शिकलो पण तिथंच. फुटबॉल खेळायचो जी कॉलेजात, सेंटर फॉरवर्ड होतो." ते माझ्याकडे बघत होते. "तुमचा चेहरा पाहिल्यासारखा वाटते. नागपूरला होते का तुम्ही कधी?"

मला ते पाचही गोल आठवले. चेहरा नव्हता आठवत, कारण मी बहुतेक वेळ चेंडू जाळीतून काढत होतो. पण वय जुळत होतं, गाव जुळत होतं, जागा जुळत होती. माझ्यामागे शाळेच्या फलकावर माझा फोटो आणि खाली 'माजी स्ट्रायकर' असं छापलेलं होतं.

"नाही," मी म्हणालो. "माझं शिक्षण पुण्याला झालं."

त्यांनी मान हलवली. "असं का," म्हणाले. मग हसले. "बरं सर. पोरीकडे लक्ष ठेवा."

पुढच्या आठवड्यात मैत्री माझ्यापुढे उभी राहिली. "कोच, मी कीपर होऊ? कॅन ऑर नॉट?"

आता कोच म्हणून याला एकच उत्तर होतं. लांब हात, न बघता झेल, आणि गोलातली मुलगी डोळे मिटणारी. पण मी कोच म्हणून विचार करत नव्हतो. माझं सगळं डोकं त्या माणसात अडकलं होतं. मेश्रामनी मला ओळखलं असेल का? ओळखलं असेल तर ते शाळेत बोलतील का? खोटा स्ट्रायकर म्हणून मला काढलं तर पुढे कुठली शाळा घेईल? या माणसाला खूश ठेवायला हवं, एवढंच मला सुचलं. सेंटर फॉरवर्डच्या मुलीला सेंटर फॉरवर्ड केल्यावर कोणता बाप नाराज होईल? आणि खरं सांगायचं तर आणखी एक गोष्ट होती. गोलात उभं राहणं ही शिक्षा आहे असं मी वीस वर्षं मानत आलो होतो. तिच्या बापाच्या देखत तिला ती शिक्षा द्यायचं धाडस मला नव्हतं.

"तू पुढे खेळायचं," मी म्हणालो. "तुझ्यात फॉरवर्डचे गुण आहेत."

तिनं आणखी तीन वेळा विचारलं. मार्चमध्ये एकदा, जूनच्या सुट्टीनंतर एकदा, आणि एकदा थेट ग्लव्हज घालून आली. प्रत्येक वेळी मी तिला गुण समजावून सांगितले. तिसऱ्या खेपेला ती म्हणाली, "ओके कोच," आणि ग्लव्हज हुई मिनला परत दिले. त्यानंतर तिनं विचारलं नाही.

पुढे ती वाईट खेळली असं म्हणणं तिच्यावर अन्याय होईल. ती खेळलीच नाही. उंच चेंडू आला की तिचे हात आपोआप वर जायचे. हँडबॉल. रेफरीची शिट्टी, माझा पडलेला चेहरा. चेंडू गोलकडे मारण्यापेक्षा तिला समोरच्या गोलकीपरकडे बघत राहण्यात रस असे. मेश्राम जवळजवळ दर मॅचला येत, कुंपणापाशी हाताची घडी घालून उभे राहत आणि काही बोलत नसत. त्यांच्या त्या गप्प राहण्याची मला इतकी धास्ती वाटे की मी मैत्रीला आणखी पुढे, आणखी मधोमध खेळवायचो. स्टॉपवॉचवाल्या वडिलांनी मला ईमेल केलं, की मेश्रामच्या मुलीला सर्वात जास्त मिनिटं का? तक्ता सोबत जोडला होता. त्या वर्षी त्यांनी विचारलेला तो एकमेव योग्य प्रश्न.

शाळेत खेळांची जबाबदारी मिस लिम यांच्याकडे होती. गणिताच्या शिक्षिका, बोलणं मोजकं. स्पर्धेच्या आधी त्या म्हणाल्या, "कोच, शाळा काही खेळ बंद करणार आहे. ज्या टीम दुसऱ्या फेरीत जातील त्या राहतील." दुसऱ्या फेरीसाठी आम्हाला शेवटच्या मॅचमध्ये बरोबरी पुरेशी होती.

ती मॅच दुपारची होती. मध्यंतरापर्यंत शून्य-शून्य. पहिल्या अर्ध्यात मैत्रीला दोन सोप्या संधी मिळाल्या. एक तिनं बाहेर मारली, दुसरी हातानं झेलली. मध्यंतरात मी तिला बदलायला हवं होतं. कुंपणापाशी मेश्राम उभे होते. मी दुसऱ्याच तिघींना बदललं.

दुसऱ्या अर्ध्यात हुई मिननं दोनदा डोळे मिटले आणि दोन गोल झाले. मग तिसऱ्या चेंडूला तिचा हात खांबावर आपटला आणि बोट वाकडं झालं. मी धावत गेलो, प्रथमोपचाराचं काम तेवढं नीट केलं. बदली खेळाडू उरला नव्हता. मी कोणाला गोलात उभं करावं याचा विचार करत वळलो, तर मैत्री हुई मिनच्या हातातले ग्लव्हज अलगद काढून घेत होती. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही. विचारायचं तिनं केव्हाच सोडून दिलं होतं.

पुढची बारा-तेरा मिनिटं मी कोच नव्हतो, प्रेक्षक होतो. दहाच मुलींनिशी आम्ही खेळत होतो, आणि समोरच्या टीमनं ओळीनं हल्ले केले. मैत्रीनं एक वरचा चेंडू आडव्या खांबावरून ढकलला. एक समोरच्या मुलीच्या पायांत झेप घेऊन उचलला. कॉर्नरला दोन मुलींच्या डोक्यावरून हात घालून झेल घेतला आणि खाली येता येता आमच्या विंगरला नेमका फेकला, तेव्हा छत्रीवाली आईसुद्धा जागच्या जागी थांबली. एकही गोल झाला नाही. मॅच आम्ही दोन-शून्य हरलो.

समोरच्या शाळेचे कोच वयस्कर मलाय गृहस्थ होते. हस्तांदोलन करताना त्यांनी विचारलं, "ही तुमची कीपर आहे, मग इतका वेळ लपवून का ठेवली?" त्यांना वाटलं माझा काहीतरी मोठा डाव होता.

दोन आठवड्यांनी मिस लिमनी कळवलं की वर्षअखेरीस फुटबॉल बंद. माझा करारही तिथंच संपणार होता. त्याच आठवड्यात मेश्रामांचा फोन आला. "सर, रविवारी सकाळी घरी या. पोहे खाऊ."

सेम्बावांगला त्यांचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. समोरच्या भिंतीवर बुद्धांची मूर्ती, खाली मैत्रीच्या शाळेचे फोटो. मेश्रामवहिनींनी नागपुरी तर्रीचे पोहे केले होते. तो वास मला कॉलेज संपल्यापासून आला नव्हता, आणि पुण्यात शिकलेल्या माणसानं त्या वासानं इतकं हळवं व्हायचं कारण नव्हतं. मैत्री खाली दुकानात गेली होती.

मेश्राम म्हणाले, "सर, एक विचारू? काहून पुढे खेळवलं तिला?"

माझं उत्तर तयार होतं. "तिच्यात फॉरवर्डचे गुण..."

"नाही जी. ते माझ्यात होते. तिच्यात नाहीत. मला दिसते ना." त्यांनी ताटली बाजूला ठेवली. "मला वाटलं, तुम्ही तरी तिला गोलकीपर कराल. तुम्ही स्वतः गोलकीपर होते."

मी चमचा खाली ठेवला.

"पहिल्याच शनिवारी ओळखलं तुम्हाला. तुम्ही वळताना डावा पाय आधी उचलता. मी ते नव्वद मिनिटं समोरून पाहिलं होतं. पण तुम्ही म्हणाले पुण्याचा. मग मी विषय वाढवला नाही. मला वाटलं, सरांना ओळख द्यायची नसेल. होते तसं. नागपूरचे लोक भेटतात इथे, मी आडनाव सांगितलं की काही जण एकदम पुण्याचे होतात. सवय आहे आपल्याला."

हे त्यांनी अजिबात टोचून सांगितलं नाही. सांगता सांगता माझ्या ताटलीत आणखी तर्री वाढली. वर्षभर मी या माणसाबद्दल हजार शंका घेतल्या होत्या. त्यांना माझ्याबद्दल कोणती शंका येईल, ही एक मात्र मला सुचली नव्हती.

"तसं नव्हतं हो मेश्राम," मी म्हणालो. "मला लाज वाटत होती. नऊ गोल खाल्ले होते मी."

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी हिशेबात काहीतरी चुकलो होतो. "नऊ आत गेले, बरोबर. पण आम्ही तीस-पस्तीस वेळा तरी मारला असेल. बाकीचे कुठे गेले?"

मी मनात वजाबाकी करायला लागलो.

"माझेच आठ-दहा तुम्ही काढले. शेवटी शेवटी तुमची पोरं मैदानात बसली होती पाय धरून. तुम्ही उभे होते. आम्ही परत जाताना बसमध्ये तुमच्याबद्दलच बोलत होतो. मैत्री लहान होती तेव्हापासून ही गोष्ट ऐकून राहिली माझ्याकडून. त्या शनिवारी घरी येऊन तिला सांगितलं, तो गोलकीपर म्हणजे तुझे सर. आणि हेही सांगितलं, की सरांपुढे काढायचं नाही, त्यांना आवडत नसेल."

म्हणून ती पुढच्याच आठवड्यात विचारायला आली होती. म्हणून चार वेळा विचारलं. तिला गोलकीपर व्हायचं होतं ते माझ्याकडे शिकून, आणि मी तिला तिच्या बापासारखं करायच्या मागे लागलो होतो.

मैत्री पावाची पिशवी घेऊन घरात आली. मला बघून "हाय कोच" म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, तिच्या आईवडिलांसमोर. मी खोटं लिहिलं होतं, घाबरलो होतो, आणि त्यात तिचं वर्ष गेलं. ती ऐकत उभी राहिली. चौदा वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाची माफी कशी घ्यायची ते माहीत नसतं. शेवटी सिंगापुरी हेल काढत म्हणाली, "यू शुड हॅव जस्ट आस्क्ड पप्पा, लाह."

सोमवारी मी टीमच्या सरावाच्या रंगीत बंड्या आणि प्लास्टिकचे शंकू परत करायला शाळेत गेलो, आणि मिस लिमनाही सांगून टाकलं. मी फॉरवर्ड नव्हतो, गोलकीपर होतो, एकच मॅच खेळलो होतो. त्या वह्या तपासत होत्या. म्हणाल्या, "कोच, निवड करताना ते पान कोणी वाचलं नव्हतं. तुमच्याकडे प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आहे का, तेवढं आम्ही पाहिलं. अर्ज एकच आला होता." मग वर बघून विचारलं, "तुम्ही गोलकीपर होता, तर हुई मिनचे डोळे उघडायला का नाही शिकवलंत?"

मी शंकू मोजून त्यांच्या टेबलाशेजारी ठेवले.

मेश्रामांचं शिपयार्डचं काम डिसेंबरात संपत होतं, मग सगळे विशाखापट्टणमला जाणार होते. शाळेला सुट्टी लागली होती. मी मैत्रीला विचारलं, जायच्या आधी सकाळी शिकशील का? ती म्हणाली, "ओके. बट प्रॉपर्ली हं, कोच. नो मोअर फॉरवर्ड."

त्यांच्या इमारतीजवळ एक मोकळं मैदान होतं, एका बाजूला गंजका गोल. अकरा सकाळी मिळाल्या आम्हाला. पाय कुठे ठेवायचे, पुढे कधी यायचं, पडताना आधी कोणता खांदा टेकायचा, बचाव करणाऱ्या मुलींना मागून आवाज कसा द्यायचा, हे सगळं मी तिला शिकवलं. मला ते येत होतं हे मलाच नवीन होतं. एरवी मी वहीत आखून शिकवतो, इथे वही लागली नाही. तिला जे जमत नसे ते मला का जमलं नव्हतं, हे आठवलं की पुरे. मेश्राम कामावर जायच्या आधी येऊन चेंडू मारून देत. वय झालं होतं, पण पाय अजून सेंटर फॉरवर्डचाच होता.

या धंद्यात लोक विचारतात, तुमचे किती खेळाडू पुढे गेले? मैत्रीचं पुढे काय झालं ते मला नीट माहीत नाही. विशाखापट्टणमच्या शाळेत मुलींची टीम नव्हती. पहिल्या वर्षी तिचे दोन-तीन ईमेल आले, मग थांबले, जसे या वयात थांबतात. मेश्रामांच्या दिवाळीला शुभेच्छा येतात. मी त्यानंतर आणखी चार शाळांत शिकवलं. फॉर्मवर जागा विचारली की गोलकीपर लिहितो. अजून कोणी पुढचा प्रश्न विचारलेला नाही.

शेवटच्या सकाळी मेश्राम सामान बांधण्यात अडकले होते, म्हणून आम्ही दोघंच होतो. तासाभरानं मैत्रीनं ग्लव्हज काढले आणि माझ्यापुढे धरले. "नाऊ यू, कोच. मी मारते."

मी म्हणालो, माझं वय झालं, गुडघा दुखतो, सुनंदा रागावेल. ती चेंडू घेऊन मागे मागे जात राहिली. मी ग्लव्हज घातले. आतून ते ओले होते. गोलात जाऊन उभा राहिलो, तर गोल आठवणीपेक्षा बराच रुंद होता.

पहिला चेंडू माझ्या उजवीकडून आत गेला. मी जागचा हललो नाही. चेंडू जाळीतून काढून परत दिला.

"कोच," ती लांबून म्हणाली, "डाइव्ह तर करा."

दुसऱ्या चेंडूला केली.